कालव्यापलीकडच्या तीन गल्ल्या

हॅलो?… हो, बोल ताई. ऑफिसातच आहे… लागला ना, दहालाच लागला, खाली नोटीस बोर्डावर. नव्या प्रभागांचा मसुदा आहे तो, शेवटचा नाही…

अगं ऐक ना… ओरडू नकोस, शेजारच्या टेबलावर माणसं आहेत.

हो. मीच काढली ती रेघ… नकाशा विभागात आहे कोण दुसरं? साहेबांना पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, इथली नगरसेविका माझी सख्खी बहीण आहे, हा प्रभाग मला नको. ते म्हणाले, दुसरा माणूस आणू कुठून? काढा तुम्ही, मी तपासतो.

… तुला आधी सांगायचं? मग तुझ्या विरोधकालाही सांगायला नको?

हो, हो… माहितीये. बेकरीची गल्ली, वखारीची गल्ली आणि माझी. तिन्ही शेजारच्या प्रभागात गेल्या… नळ तूच आणलेस गं, कोण नाही म्हणतंय? एकशे बारा मतांनी आलीस तीही तिथल्याच जोरावर. पण तुझ्या बाजूला त्या सात इमारती उभ्या राहिल्या ना? माणसं वाढली. सगळ्या प्रभागांत ती साधारण सारखी हवीत. कुठून तरी कमी करावीच लागतात.

काय?… दोन बोटं? ताई, नकाशावरची दोन बोटं म्हणजे खाली चार हजार माणसं. नाही सरकवणार.

… नाही म्हणजे नाही.

… आईला मध्ये आणू नकोस.

… झालं बोलून? मग कागद घे. शुक्रवारपर्यंत हरकत नोंदवता येते… तुझी एकटीची नको, लोकांच्या सह्या घे. त्यांची शाळा, दवाखाना कालव्याच्या अलीकडे, तुझ्याच प्रभागात. नव्या प्रभागात जायचं तर तो सहापदरी रस्ता ओलांडायचा. म्हातारी माणसं मत द्यायला जाणार कशी?… घेतलं होतं ना लक्षात. टिपणात लिहिलंय. साहेबांनी लोकसंख्येचा आकडाच धरला.

… नाही, अर्ज मी लिहून देणार नाही. सहीही नाही. नोकरी आहे माझी. हे सांगितलं ते कुणालाही सांगितलं असतं.

… हो, यंदा तुला मत देता येणार नाही मला… दिलं ना आजवर… तिन्ही वेळा?

… दोनदा.

… दुसऱ्या खेपेला नाही दिलं. वाचनालय पाडून तू तिथे स्वतःचं ऑफिस थाटलंस, तेव्हा… कोणाला दिलं ते नाही सांगणार.

हॅलो?… ताई, आहेस का?

… हसतेस काय? मला राग आहे त्याचा अजून.

बरं, ऐक. आमच्या गल्लीत येशील ती चालत ये, गाडी नको. सहानंतर ये, लोक कामावरून आलेले असतात. आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना आता दिसत नाही. नुसता अंगठा घेऊ नकोस, अर्ज वाचून दाखव त्यांना…

हो, सगळा. ठेवते.