भातुकलीतली आई

बालवाडीत पोरं नुसती खेळतात म्हणता? ऐका मग. हडपसरला माझ्या वर्गात सई होती. सकाळी नुसती पेंगायची, पाचपर्यंत आकडे येईनात. शाळेचा खाऊ पोटात गेला, की वीसपर्यंत घडाघडा म्हणायची!

सोडायला येणाऱ्या वडलांना विचारलं, "घरून काही खाऊन येते का ही?"

"आई देते ना तिची. कॉल सेंटरची रात्रपाळी करून पहाटेच येते ती." आणि स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा!

एकदा भातुकलीत सई आई झाली. बाकीच्या पोरी लुटूपुटूचे पोहे करत होत्या, ही आपली चटईवर डोळे मिटून पडलेली. म्हटलं, "अगं, तुझ्या बाळाला भूक लागली असेल ना?"

डोळे न उघडताच कुजबुजली, "हळू बोला ना बाई. आई दमून झोपलीय. बाळाला माहितीये, उठवायचं नाही."