खाली पळणारं बटन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले विभागप्रमुख माननीय बाजीराव साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या एचआरच्या मनाली मॅडम, उलव्याहून मुद्दाम आलेल्या यशोदाबाई, त्यांची कन्या आणि आजची सत्कारमूर्ती जागृती, आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या पानावर 'मुदतवाढ नको' हे बटन शोधता शोधता अंगठे झिजवलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

टाळ्या नंतर वाजवा. जागृती चालली याचा आनंद आहेच. पण खरं सांगा, तिला गुच्छ देताना थोडा हेवा वाटला की नाही? ती सुटली. आपण आत आहोत.

यशोदाबाई, तुम्हाला हे तोंडपाठ आहे, तरी रीतीप्रमाणे सांगतो. आमचा करार दोन वर्षांचा. मुदतीच्या महिन्यात आपापल्या पानावर जाऊन 'मुदतवाढ नको' म्हटलं नाही, तर तो आपोआप आणखी दोन वर्षं वाढतो. मधेच सोडलं तर कामाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय तुर्भ्याच्या या पट्ट्यात कोण उभं करतं? बटन पानाच्या तळाशी आहे. तळाकडे निघालं की कुणाचा तरी वाढदिवस येतो. मग संचालकांच्या वृक्षारोपणाचे फोटो. मग पुरस्कार, मग पुन्हा वाढदिवस. बटनाची कड दिसते न दिसते तोच नवा मजकूर येऊन त्याला खाली ढकलतो. मी आयुष्यभर कैद्यांच्या सुटकेच्या कथा वाचत आलो. कुणी भिंत फोडली, कुणी बोगदा खणला. पण जेवढा खणाल तेवढा वाढत जाणारा तुरुंग मला एकाही पुस्तकात भेटला नाही.

मागच्या खेपेला जागृतीला उलव्यातच, घराजवळच्या रुग्णालयात संगणकाचं काम मिळत होतं. पोरगी रोज जेवण झालं की अंगठा फिरवत बसायची. शेवटी यशोदाबाई म्हणाल्या, बाई, तुमचेच शब्द आहेत, रागावू नका: "आगो, किती खाली जाशील? बोरिंग मारतेस काय? पानी तरी लागला काय?"

पाणी लागलं नाही. महिना संपला, करार आपोआप वाढला, ते काम दुसऱ्याला गेलं.

ती तक्रार घेऊन मनाली मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "बटन आहे की, जागृती. तुमच्याच टीमने टेस्ट केलंय. सगळं ग्रीन आहे."

आणि मित्रहो, ते खरोखर हिरवं होतं! कसं? अशी पानं तपासणं हेच आपल्या टीमचं काम, आणि त्यासाठी आपण जो प्रोग्राम लिहितो त्यात एक ओळ असते: बटन शोध आणि थेट पडद्यावर आण. ही ओळ आपण सगळेच सवयीने टाकतो, कारण ती नसली की चाचणी अडते. आता त्या प्रोग्रामला ना अंगठा, ना डोळे. तो कुणाचा वाढदिवस बघत नाही. एका उडीत तळाशी जातो, नवा मजकूर येण्याआधी बटन दाबतो आणि हिरवा दिवा लावून मोकळा होतो. माणसाला ज्या दारापर्यंत पोचता येत नाही, ते दार उघडं आहे असं आपण दरवेळी लिहून देत आलो. आपल्या कोठडीला आपणच पास केलं, दुसरं कुणी नाही!

या खेपेला जागृतीने ऑफिसच्या संगणकावर तीच ओळ चालवली. बटन पडद्यावर आलं, दाबलं गेलं. लगेच वरून बोलावणं. "हे मशीनने दाबलंय. माणसाने दाबलेलं नाही. ग्राह्य धरता येणार नाही."

ती म्हणाली, "सर, मग टेस्टपण मशीननेच केलीय. तीपण ग्राह्य धरू नका ना."

बाजीराव साहेब हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. टेस्ट बाद धरली असती तर अख्खं पानच बाद झालं असतं, म्हणून तिची सुटका झाली. आणि दुसऱ्याच दिवशी सूचना लागली: यापुढे बटन स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या बोटानेच दाबायचं. तिने पाडलेली फटही बुजवली.

दिपेश, घड्याळ दाखवू नकोस, मला दिसतंय. तुझं सूत्रसंचालन चालू दे, माझं दोन मिनिटांत आटपतं.

परवा पँट्रीतल्या राहीबाई मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, लेकीचं दिवस भरत आल्यात. मला गावाला जायचंय. ह्ये बटन जरा धरून ठिवा की, लई पळतंय." त्यांची मुदत या महिनाअखेरीला संपते. आम्ही दोघं आळीपाळीने खाली खाली जात राहिलो. शेवटी माझा अंगठा आखडला आणि समोर पुन्हा एक केक आला. त्या बाई मोबाइल पदराने पुसून चहा ठेवायला गेल्या. त्या लेकीपाशी कोण असणार आहे, सांगाल मला?

मनाली मॅडम, माझा राग तुमच्यावर नाही. तुमचा करारही याच महिन्यात वाढतोय ना? मला वाटलंच.

तेव्हा ऐका. सोमवारी या पानाची नवी आवृत्ती जायची आहे. चाचणी लाल, म्हणजे नापास, असेल तर ती जात नाही, आणि पान दुरुस्त होईपर्यंत 'मुदतवाढ नको' म्हणायची कुणाचीही मुदत संपली असं धरत नाहीत, म्हणजे करार आपोआप वाढत नाही. नियम कंपनीचाच आहे, मी रचलेला नाही.

अध्यक्षमहाराज, आपण मला मधे थांबवलं नाहीत, याबद्दल आपला ऋणी आहे. जागृती, नव्या कामावर सुखाने जा. निरोपाच्या दिवशी आवाज चढला, एखादा शब्द कुणाला लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि रंजिता, त्या पानाची चाचणी तुझ्याकडे आहे, लॅपटॉप तुझ्या मांडीवरच आहे. ती उडी मारणारी ओळ काढ. प्रोग्रामला राहीबाईंसारखं थोडंथोडं खाली सरकायला लाव. तो अडेल, लाल होईल. होऊ दे. चहाला उठण्याआधी, आम्हा सगळ्यांच्या देखत, ती एक ओळ काढ.