सारंगची मागची बाजू

आता तुम्हीच सांगा राजेहो, माणूस गाडीत बसतो कुठून? बाजूच्या दारातून. चालवताना पाहतो कुठे? समोर. मग सगळ्या जगाला माझ्या गाडीच्या मागच्या बाजूचंच काय पडलंय? पण पडलंय. पेट्रोल पंपावर पडलंय, टोल नाक्यावर पडलंय, आमच्या शेंदूरजनाघाटच्या टपरीवर तर चहाच्या आधी पडलंय. माणूस येतो, गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारतो, मागे जाऊन उभा राहतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, "समोरून बरी हाय, पन मागून..." आणि थांबतो. पुढे बोलला तरी पत्करलं, पण हे थांबणं वाईट. वाटतं, डॉक्टर एक्स-रे हातात धरून गप्प उभा आहे.

तुम्हाला सांगतो, सारंग म्हणजे काय ते आधी समजून घ्या. साधी गाडी घ्यायची, तिची डिक्की मागे ओढून लांब करायची, आणि त्या लांब डिक्कीवरही छत घालायचं, झाली सारंग. कंपनी तिला 'इस्टेट' म्हणते. आईने अकोल्याला ओमप्रकाश मामाला फोनवर सांगितलं की अनुपनं इस्टेट घेतली, तर मामा पेढे घेऊन आला आणि चप्पल न काढता विचारू लागला, शेत कोणत्या शिवारात आहे. जुनी सारंग मागून अगदी चौकोनी होती, कपाट आडवं केल्यासारखी. यंदा कंपनीला काय सुचलं कोण जाणे, डिक्की आणखी लांब केली, छत मागे उतरतं केलं, काच तिरपी केली आणि लाल दिव्यांची एकच पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. कोणी म्हणतं पट्टी झकास आहे. आई म्हणते, मागून वैकुंठरथ वाटते.

आणि मला तरी कुठे नवी हवी होती? आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. कलमं पिशवीत उभी ठेवायची, उभीच न्यायची, म्हणून मी जुनी चौकोनी बुक केली. गाडी येईपर्यंत मॉडेल बदललं. शोरूमवाला म्हणाला, "नवीन आलीय, चालेल ना?" आता एखादा माणूस इतकं हसून, आपल्या खांद्यावर हात ठेवून विचारत असेल, तर त्याला नाही कसं म्हणायचं? मला तर जमत नाही. मी शाळासुद्धा नववीत सोडली ती गणितामुळे नाही, उभं राहून उत्तर द्यायला लावायचे म्हणून. उत्तर यायचं हो, उभं राहता यायचं नाही.

तर गाडी आली, आणि कोणीतरी मला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. 'सारंगप्रेमी, अमरावती-अकोला'. प्रेमी कसले, सवती! जुनी सारंगवाले एका बाजूला, नवीवाले दुसऱ्या बाजूला, आणि सकाळी दात घासायच्या आधी भांडण चालू. नवीवाल्यांचे पुढारी अमरावतीचे देवानंद सर, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ते समजावून सांगणार की मित्रांनो, छत उतरतं असलं की हवा सरळ सरकून जाते, मागे भोवरा होत नाही. आकृती काढून पाठवणार. की लगेच जुन्यांचा पुढारी, नाव नाही गाव नाही, ग्रुपवर स्वतःला 'पहिली सारंग' म्हणवणारा एक भारदस्त आवाज, बोलून पाठवणार, "सर, हवा सरकवाची हाय तं पतंग घ्या नं बावा. गाडीत माल ठेवा लागते. समोरून बरी हाय मी म्हनतोच, पन मागून बसवलेल्या म्हशीवानी दिसते."

मी काय करायचो? सरांची आकृती पटली, सरांना अंगठा. म्हशीचं हसू आलं, त्यांनाही अंगठा. लिहायला भीती वाटते, अंगठ्याला काय लागतं? दोन्ही पक्षांना वाटायचं, पोरगा आपलाच आहे.

आणि अशात मामाने माझ्यासाठी मुलगी पाहिली. प्रतीक्षा नाव, अकोल्याच्या जुन्या शहरात घर, फुलांचा पिढीजात धंदा. मामाने फोटो पाठवला. फोटोत ती फुलांच्या ढिगामागे बसून कोणावर तरी रागावली होती. का ते विचारू नका, पण मला ते फार आवडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन मामाला फोन केला आणि म्हटलं, इथे जाऊ. मामा इतका चकित झाला की त्याने त्याच रविवारचं ठरवून टाकलं.

तुम्हाला सांगतो, मी आपला मनाशी हिशेब केला होता. मला बोलता येत नाही, तर गाडी बोलेल. नवी कोरी गाडी दारात उभी राहिली की लोक तिच्याकडे पाहतील, मी गुपचूप पोहे खाईन, काम होईल. केवढा मोठा गाढव!

मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो, तर पुढे एक जुनी पांढरी चौकोनी सारंग उभी. शेजारी एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून. आम्ही उतरलो, मामाने नमस्कार केला, पण गृहस्थांचं लक्षच नाही. ते सावकाश चक्कर मारून माझ्या गाडीमागे गेले. मान वाकडी केली.

"समोरून बरी हाय," ते म्हणाले, "पन मागून..."

राजेहो, तो आवाज! चार महिने कानात इयरफोन घालून ऐकलेला आवाज. म्हशीचा आवाज! आणि मामा हसत हसत मला सांगतोय, हे किसनराव, मुलीचे वडील.

आत बसवलं. घर कसलं, नुसती फुलं. मोगरा, निशिगंध, गुलाबाच्या पाकळ्या, चालायला वाट नाही. किसनरावांनी शिक्षण विचारलं, मी नववी म्हणालो, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मग म्हणाले, ग्रुपवर आहेस का, कोणत्या नावाने? मी म्हणालो, अनुप कलमवाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिळा गजरा ताजा म्हणून कोणी हातात दिला.

"थे सगळ्याइले अंगठा देनारं पोट्टं तूच काय?"

मामाला वाटलं कौतुक चाललंय. तो म्हणाला, हो ना, पोरगा भल्ला गुणाचा, कोणाले नाही म्हणत नाही.

"मंग एक सांग," किसनराव पुढे सरकले. "जुनी चांगली का नवी?"

आणि त्याच वेळी प्रतीक्षा पोहे घेऊन आली आणि ट्रे हातात धरून थांबली, उत्तर ऐकायला. आता काय सांगू? जुनी म्हणावं तर दारात नवी का उभी आहे? नवी म्हणावं तर सासरा गेला, आणि सासऱ्याबरोबर सासुरवाडीही गेली. मी पोह्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "दोन्ही..."

"गाडी म्हनजे काय सुपारी अन बडीशोप हाय, दोन्ही घ्याले?" किसनराव उठलेच. म्हणाले, चल बाहेर, तुझ्या गाडीत माझे हार बसवून दाखव, मग बोलू.

पोहे राहिले. सगळं घर बाहेर, घरामागे गल्ली बाहेर. मुलगी पाहायचा कार्यक्रम आणि मुलीकडे कोणी पाहीना, मुलाकडे तर नाहीच नाही, सगळे डिक्कीत डोकं घालून उभे. एक म्हातारेबुवा काठीने दिव्याची पट्टी ठोकून पाहून गेले. समोरचा शिंपी आला, चक्कर मारली, म्हणाला, समोरून बरी हाय. म्हटलं, पुढचं राहू द्या काका.

माल भरायला सुरुवात झाली. त्या दिवशी मूर्तिजापूर रोडवरच्या हॉलची ऑर्डर होती. स्टेजसाठी फुलांची कमान, उंच; ती माझ्या गाडीत काही केल्या उभी राहीना. गल्लीत जुन्या सारंगचा जयजयकार झाला. मग वरमाला. वरमाला लांबट लाकडी ट्रेमध्ये आडव्या ठेवतात. जुन्या गाडीत डिक्की आखूड, म्हणून ट्रेवर ट्रे चढवायचे आणि खालचे हार थोडे दबायचेच. माझ्या गाडीत ट्रे शेजारी शेजारी असे सरळ गेले, जसे मापाने शिवलेत. किसनराव वाकून ट्रेखाली बोटं घालून पाहू लागले. कोण जिंकलं ते ठरायच्या आत हॉलवरून फोन, हार कुठे आहेत, नवरदेव घोड्यावर बसला.

आता उतरवायला वेळ कुठे? किसनराव कमान घेऊन जुन्या सारंगमधून पुढे निघाले, हार माझ्या गाडीत. हॉलमधल्या माणसांना ओळखणारी प्रतीक्षा, म्हणून ती बरोबर. ती एकटी कशी येणार, म्हणून तिच्या पार्बताबाई आत्या बरोबर. आत्याला मागे बसलं की मळमळतं, म्हणून आत्या पुढे माझ्या शेजारी, आणि प्रतीक्षा मागे. मामा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी पोहे पाहतो.

आता नव्या सारंगबद्दल सगळ्यात मोठी तक्रार काय आहे माहीत आहे? ग्रुपवर यावर महाभारत झालंय. मागची काच इतकी तिरपी की आरशात रस्ताच दिसत नाही, फक्त मागच्या सीटवरचं माणूस दिसतं. मला त्या दिवशी काही तक्रार वाटली नाही.

पूल आला तोवर आत्याने डोळे मिटले होते. प्रतीक्षा आरशातून म्हणाली, "बाबा नाई हायेत आता. खरं सांगा, तुमाले कोनती आवडते?"

मी घाम पुसला. म्हणालो, जुनीच हवी होती. कलमं उभी राहतात. नवीत आडवी पडतात, पिशवीतली माती सांडते. पण शोरूमवाला फार हसून बोलला.

ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "मंग आमच्याकडंही कोनी हसून सांगतलं मनूनच आले काय?"

तुम्हाला सांगतो राजेहो, अर्धा पूल कसा ओलांडला, मला आठवत नाही. इथे अंगठा नाही. खांद्यावर हात ठेवणारा शोरूमवाला नाही. मागे मोगऱ्याचा वास, आरशात ते फोटोतले रागावलेले डोळे. मी म्हणालो, "नाही. मामानं फक्त फोटो पाठवला होता. जाऊ म्हणून मीच म्हटलं. तुम्ही त्या फोटोत कोणावर तरी रागावल्या होत्या, मला वाटलं, हे माणूस काय वाटतं ते सांगतं. मला तसं माणूस पाहिजे."

मागून काही आवाज नाही. पुढून आला. पार्बताबाई आत्या, डोळे मिटलेलेच, म्हणाल्या, "समोर पाहून चालव, बापू."

हॉलवर पोचलो. बँड वाजतोय, वरात दारात, आणि किसनराव धावत माझ्या गाडीमागे. दार वर गेलं. त्यांनी एकेक हार उचलून उजेडात धरला, उलटा केला, पाकळी चाचपली. एक पाकळी दबलेली नाही. ते दोन पावलं मागे सरकले. मान वाकडी केली.

"समोरून बरी हाय," ते म्हणाले, "पन मागून..."

थांबले. मीही थांबलो. प्रतीक्षा ट्रे हातात धरून थांबली. मला तर वाटतं बँडही थांबला.

"मागून चालते," किसनराव म्हणाले. "कमान राहात नाई, थे येगळं." मग माझ्याकडे वळले. "आता अंगठा देऊ नको. तोंडानं बोल. पोरगी कशी वाटली?"

मी उभा होतो. सगळ्या वरातीसमोर, उभ्याने, उत्तर आलं. म्हणालो, पसंत आहे. आणि त्या मुलीने काय केलं? मान खाली? छे. ती वडिलांना म्हणाली, "आधी हार आत न्या, तठी नवरी ताटकळून राह्यली. माह्यं मी आत्याले सांगतलं कवाच."

म्हणजे झालंच की! दोन्ही घरांनी होकार दिला. देवानंद सरांनी ग्रुपवर आकृती काढून अभिनंदन केलं. फक्त तारीख काढायची राहिली. आणि इथेच गाडी अडली आहे.

आमचे बाबा म्हणाले, उन्हाळ्यात उरकू. किसनराव म्हणाले, मुहूर्ताच्या दिवशी फुलवाल्याच्या घरी लग्न? त्या दिवशी अर्ध्या अकोल्याचे हार आमच्याकडे, बोहल्यावर कोण उभं राहणार? बरं, मग पावसाळ्यात? तर बाबा म्हणाले, पाऊस पडला की कलमांना गिऱ्हाईक येतं, श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तेव्हा मुहूर्त तरी कुठे असतो? गणपती, दसरा, दिवाळी म्हणाल तर पुन्हा फुलं. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा मुहूर्त सुरू आणि पुन्हा हार. आणि ते हार नेतं कोण? मी. चांगली तिथी आली की सकाळी प्रतीक्षाचा फोन, गाडी घेऊन या. सगळ्या जिल्ह्याची लग्नं माझ्या डिक्कीतून लागतायत, सांगतो तुम्हाला. हॉलवाले मला आडनावाने ओळखतात.

तर सध्या दोन्ही घरचे पंचांग उघडून बसलेत. त्यांना असा एक दिवस पाहिजे, की मुहूर्त तर उत्तम असावा, पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाचंच लग्न नसावं.