मी पेशंट झालो, लेकीच्या ॲडमिशनसाठी

...आणि वर मलाच म्हणतात, "दाजी, तुम्हाला शिक्षणातलं काय कळतं?" तुम्हाला सांगतो, हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकंच फिरतं! नाही कळत मला शिक्षणातलं. सातवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण तीस वर्षं नळ विकतोय मी, नळ! दुकानात भिंतीवरच्या फळीला चाळीस नळ लावलेत, एकेक असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. गिऱ्हाईक येतं, नळ फिरवून बघतं, मान डोलावतं... अरे, पण त्या फळीमागे पाइप आहे का? तीस वर्षांत त्यातून एक थेंब तरी आलाय का? म्हणून मी मागच्या बाजूला मुद्दाम एक टाकी बसवून घेतलीय. गिऱ्हाइकाला तिथे नेतो, नळ जोडून देतो, खाली बादली ठेवतो आणि सांगतो, बाबा रे, नळ बघू नको, पाणी बघ!

तर झालं काय, आमच्या लेकीला मेडिकलला जागा मिळाली. एक नाही, दोन कॉलेजांत! तुम्ही म्हणाल, आनंदाची गोष्ट आहे. मीही तेच म्हणालो... सोमवारी. मंगळवारपासून घरात कोणी कोणाशी धड बोलेना! एक कॉलेज घरापासून वीस मिनिटांवर, खासगी, आरपार काचेचं, आणि फी अशी की मला वाटलं चुकून त्यांनी टेलिफोन नंबर छापलाय. दुसरं सरकारी. फी लेकीच्या शाळेच्या फीपेक्षा कमी, पण बसने आठ तास, आणि फोटोत हॉस्टेलच्या भिंतींचे पोपडेसुद्धा स्पष्ट दिसत होते. शनिवारी पाचच्या आत एक जागा पक्की करायची, दुसरी सोडायची. सोडली की गेली!

थोरले मेहुणे आले. बँकेत साहेब आहेत, त्यामुळे आमच्या सोफ्यावरही ते केबिनमध्ये बसल्यासारखे बसतात. "दाजी, नाव बघा, नाव! उद्या पोरीच्या दवाखान्यावर पाटी लागेल तेव्हा लोक काय विचारतील? कॉलेज कोणतं! तुम्हाला दोन गाळे हवेत कशाला? शेजारचा विकून टाका." बघा हं, नाव यांच्या भाचीचं आणि गाळा माझा! त्या गाळ्यात पाइप आहेत सगळे. ते काय मी घरात पलंगाखाली ठेवू?

आमची ही तर वेगळ्याच रुळावर. "अहो, आठ तास! पोरीला ताप आला तर?"

मी म्हटलं, "अगं, दवाखान्यातच राहणार ती! चारशे डॉक्टर असतील अवतीभवती."

"चारशेंत एक तरी तिची आई आहे का?"

मी समोरचा चहा प्यालो, तो पण तिनेच केलेला.

आणि लेक काय म्हणाली? "बाबा, गाळा विकायचा नाही. मला लांबचं चालेल." चालेल! हा शब्द मला कोणी शिकवू नये. गिऱ्हाईक "चालेल" म्हणालं की ओळखावं, याची नजर दुसऱ्याच नळावर आहे आणि हात खिशावर. मी म्हटलं, "चालेल-बिलेल नको. तुला कुठलं हवंय?" तशी उसळलीच ती. "मला चांगली डॉक्टर व्हायचंय, बाबा! ती कुठे होता येईल हे माहितीपत्रकावरून कसं कळणार? दवाखान्याचं खरं आजारी पडणाऱ्यालाच कळतं!"

झालं! माझ्या डोक्यात बादली खणखणली. म्हटलं ठरलं, नळ बघायचा नाही, पाणी बघायचं. आजारी पडायचं! आणि एकदा ठरवलं ना, की मग मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

बुधवारी गेलो जवळच्या कॉलेजच्या दवाखान्यात. दार आपोआप उघडलं, काउंटरवरची मुलगी अशी हसली की मला वाटलं ओळखीची आहे. पोट दुखतंय म्हटलं. "बसा ना, सर!" बसा ना! कुठे बसू, हाच प्रश्न, कारण खुर्च्या दोनशे आणि माणसं चार, त्यांतला एक गार हवेत झोपायला आलेला. दोन मिनिटांत मोठे डॉक्टर स्वतः धावत आले, माझा हात धरला आणि मागे वळून ओरडले, "मुलांनो, या लवकर, पेशंट आलाय!"

आणि काय सांगू तुम्हाला... वीस! मोजले मी. वीस पोरंपोरी माझ्याभोवती. पहिल्याने उजवीकडे दाबलं, दुसरीने डावीकडे, तिसऱ्याने बेंबीपाशी ठोकून बघितलं, कलिंगड घेताना बघतात तसं! "काका, श्वास घ्या." घेतला. "सोडा." सोडला. पुढच्याचं पुन्हा, "काका, श्वास घ्या." अहो, किती घ्यायचा? तेवढ्यात मागून एक जण रडवेला झाला, "सर, माझी पाळीच आली नाही!" मी माणूस आहे की बागेतला झोपाळा? सोळाव्यापर्यंत माझं न दुखणारं पोट खरंच दुखायला लागलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "दाखल करून घेऊ, चार दिवस ठेवू." मी दुकान उघडं आहे सांगून चप्पल हातात घेऊन पळालो, तर फाटकापर्यंत एक पोरगा मागे धावत आला, "काका, उद्या याल का? परवा आमची परीक्षा आहे!"

गुरुवारी पहाटेची बस धरून लांबच्या कॉलेजला गेलो. तिथे दार आपोआप उघडत नव्हतं, कारण माणसांमुळे ते बंदच होत नव्हतं! साडेतीन तास रांगेत उभा. पुढे टेबलाशी एक मुलगी, इंटर्न, आमच्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. केस बँडेजच्या पट्टीने बांधलेले, एका हाताने पोराची नाडी धरलीय, दुसऱ्याने लिहितेय आणि तोंडाने तिसऱ्याला एक्स-रेची खोली सांगतेय. माझा नंबर लागला. "काय होतंय?" "पोट." तिने एकदा दाबलं. एकदाच! आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, पोट दुखणारा माणूस माझ्या हाताकडे बघतो. तुम्ही माझ्या वहीत डोकावताय. कशाला आलात?"

गिऱ्हाईक फसवायला बघतंय हे मी एका नजरेत ओळखतो, पण मला कोणी असं ओळखल्याचं आठवत नाही. मुकाट्याने सगळं सांगितलं... लेक, शनिवार, गाळा. मला वाटलं आता ही वॉर्डबॉयला हाक मारते. ती म्हणाली, "मी पहिले तीन महिने हॉस्टेलवर रोज रडायचे. पंखा चालत नाही, पाणी दिवसातून दोनदा. आता रडायला वेळच नसतो. सकाळपासून साठ पेशंट झाले. एकसष्टावे तुम्ही, आणि आजचे पहिले धडधाकट. आता उठा, त्या आजींना बसू द्या!"

उठलो. आणि उठताना मनात म्हटलं, हे पाणी! याला म्हणतात पाणी!

शुक्रवारी घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पंख्यासकट. मेहुणे म्हणाले, "दाजी, पाटीवर काय..." मी म्हटलं, "पाटी राहू द्या हो, आधी पाटीमागे डॉक्टर तर असू दे!" लेकीने एकच विचारलं, "त्या ताईने तुम्हाला किती वेळात ओळखलं?" मी म्हटलं, "एका दाबात." ती ताठ बसली. म्हणाली, "मग मला तिथेच जायचंय." या वेळी "चालेल" नाही हं, "जायचंय"! आमची ही डोळे पुसून कपाटाकडे वळली, "चादरी किती देऊ? चार पुरतील?" शनिवारी तीन वाजताच जागा पक्की केली. पाचची वाटच बघितली नाही.

गेल्या आठवड्यात लेकीचा पहिला फोन आला. मेहुणे समोरच होते, म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला आणि ऐटीत विचारलं, "काय गं, किती पेशंट तपासलेस?"

"बाबा, पहिल्या वर्षी पेशंट नसतात. आधी शरीररचना शिकवतात. आम्हा दहा जणांना मिळून एकच आहे."

मेहुणे गालात हसले. मी म्हटलं, "एक तर एक! नीट विचार त्याला, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय..."

"बाबा," ती म्हणाली, "तो बोलत नाही."

आता मेहुण्यांना काय तोंड दाखवू, तुम्हीच सांगा! तिकडे वीस जणांत एक पेशंट होता, तोही खोटा होता, सगळं कबूल... पण निदान जिवंत तरी होता!