डावा बंद

सहवैमानिक : सर, तुम्हीच म्हणालात ना, ‘डावा बंद’? म्हणून मी डावा पंप बंद केला.

कॅप्टन : अगं, मी विचारत होतो. धोक्याचा दिवा लागला, म्हटलं डावा बंद पडला की काय. बिघडला होता उजवा.

सहवैमानिक : मला तो हुकूम वाटला.

कॅप्टन : वाटणारच, माझा सूरच तसा सपाट. आता ते उगाळू नकोस. उजव्याचं तेल?

सहवैमानिक : सगळं गळून गेलं. डावा पुन्हा चालू केलाय, पण ब्रेकच्या तेलाचा दाब अर्ध्यावरच अडकलाय.

कॅप्टन : तेवढ्यावर ब्रेक लागतील.

सहवैमानिक : लागतील, पण धड नाही. आणि आपल्याला जायचंय तिथली धावपट्टी आखूड. त्यात पाऊस. मागे वळून बंदराच्या विमानतळावर उतरू या. तिथली पट्टी लांबलचक आहे, कोरडी आहे.

कॅप्टन : नको. पुढेच जाऊ. त्या पट्टीवर मी डोळे मिटून उतरवतो.

सहवैमानिक : दाब पुरेसा असताना. सर, रागावू नका, पण सकाळपासून तुमचं लक्ष थाऱ्यावर नाही.

कॅप्टन : आप्पा आहेत तिथे. माझे वडील. दवाखान्यात, यंत्रावर श्वास चाललाय. डॉक्टरांनी हात टेकलेत. धाकटा भाऊ अडून बसलाय, दादा आल्याशिवाय यंत्र काढू देणार नाही म्हणतो.

सहवैमानिक : बोलला नाहीत तुम्ही.

कॅप्टन : बोललो असतो तर घरी बसवलं असतं. हेच विमान तिकडे जात होतं गं.

(दाबाचा काटा आणखी खाली सरकतो.)

सहवैमानिक : सर, काटा.

कॅप्टन : बघतोय.

सहवैमानिक : मागे विमान प्रवाशांनी भरलेलं आहे. त्यांचीही कुणीतरी वाट बघतंय. मला भीती वाटतेय, सर.

कॅप्टन : मलाही वाटतेय. वळव. बंदराला कळव, आम्ही येतोय, अग्निशमन तयार ठेवा.

सहवैमानिक : हा हुकूम ना?

कॅप्टन : हुकूम.

सहवैमानिक : वळतेय. सर, तुम्ही संध्याकाळपर्यंत दुसऱ्या विमानाने जाल. भाऊ थांबेल तोवर.

कॅप्टन : चौकशी सुरू झाली की मला कोण सोडतंय? आणि तो थांबेल, तेच तर नकोय. नीट उतरलो, तर आधी त्याला फोन करायचाय. म्हणावं, माझी वाट बघू नकोस, आप्पांना सोडव.