घोंगडीतली फाईल

(कर्नाटकातील एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, स्त्रीरोग विभागाच्या दाराशी असलेल्या बाकावर आळंदकडचा मेंढपाळ बिराप्पा व त्याची पत्नी बाणूबाई बसले आहेत. परिचारिका मंजुश्री केसपेपर हाती घेऊन समोर उभी आहे.)

बिराप्पा : न्हाई म्हणलं की न्हाई, सिस्टर. पहिल्या दवाखान्याचा कागद न्हाई आमच्याकडं.

मंजुश्री : तीन आठवड्यांपूर्वी तिथे यांची सोनोग्राफी झाली, असे तुम्हीच आता सांगितलेत. मग अहवाल कुठे गेला?

बिराप्पा : त्यांनी दिलाच न्हाई.

मंजुश्री : दिला नसेल तर तो मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. अर्ज मी लिहून देते. त्यांना नक्कल द्यावीच लागेल.

बिराप्पा : अर्ज नको.

मंजुश्री : का नको, अण्णा?

बिराप्पा : अर्जावर नाव-गाव येतंय. उद्या त्यो डॉक्टर म्हणल, धनगर कोर्टात जायलाय.

बाणूबाई : कोर्टाची वाट तरी ठाव हाय का तुम्हाला?

बिराप्पा : तू गप बस. पोटात दुखायलंय ना तुझ्या?

बाणूबाई : पोटात दुखायलंय. तोंडात न्हाई.

मंजुश्री : अहवाल नसेल तर सर्व तपासण्या नव्याने कराव्या लागतील. सोनोग्राफीची आजची यादी भरली आहे, पुढची तारीख आठ दिवसांनी मिळेल. यांना रक्तस्राव होतो आहे. इतके थांबणे बरे नाही.

बिराप्पा : थांबू. नवंच तपासा. तुमच्या डोळ्यानं बघा आन तुमच्या तोंडानं सांगा.

मंजुश्री : जुना अहवाल पाहिला म्हणून आमचे डोळे बिघडत नाहीत.

बिराप्पा : बिघडतेत. बाजारात मेंढरू घिऊन उभारलो, की पहिल्या व्यापाऱ्यानं काय म्हणलं ते मी दुसऱ्याला सांगत न्हाई. सांगितलं की त्योबी तेवढंच म्हणतोय. हात लावून बघतच न्हाई.

मंजुश्री : म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी काहीतरी म्हटले आहे.

बिराप्पा : तसं कुठं म्हणलो मी?

बाणूबाई : आत्ताच म्हणलात. सिस्टर, ह्या उकाड्यात खांद्यावरची घोंगडी खाली ठेवना झालेत. बसमध्ये म्हणलं, आणा, मांडीवर घेते. तर हिसकून घेतली.

बिराप्पा : घोंगडी माझी हाय.

मंजुश्री : घोंगडी तुमची. तिच्यात फाईल असेल तर ती मात्र यांची. त्या भिंतीवरच्या फलकावर कन्नडमध्ये रुग्णांचे हक्क लिहिले आहेत. कन्नड तुम्हाला बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून सांगते. आपला आजार काय आहे हे कळणे, आपले कागद हाती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, हे सारे रुग्णाचे आहे. नवऱ्याचे, असे तिथे लिहिलेले नाही.

बिराप्पा : लिहिणारानं बायकू रडताना बघितली नसंल.

बाणूबाई : मी कवा रडले?

बिराप्पा : अजून न्हाई रडलीस.

मंजुश्री : आम्ही कागद ठेवून घेऊ, अशी शंका असेल तर मी पोच देते. नक्कल काढून मूळ कागद परत करते.

बिराप्पा : पोच दिल्यानं कागदावरलं बदलतंय का?

मंजुश्री : नाही, अण्णा. ते बदलत नाही.

बाणूबाई : मला तिकडनं आल्यापासून संशय हाय, सिस्टर. आधी वाटलं, दुसरी बाई बघितली यांनी. पाणी सोताच भरायलेत. मेंढरामागं मला पाठवना झालेत. जावंला म्हणले, हिला जड उचलू देऊ नको. अठरा वर्सांत त्या घरात मला कुणी बस म्हणलं न्हाई.

बिराप्पा : कामून सांगायलीस हे समदं?

बाणूबाई : तुम्ही सांगंना झालात म्हणून.

बिराप्पा : त्या डॉक्टरनं हिला भाईर बसवलं, सिस्टर. मला एकट्याला आत बोलावलं. म्हणला, बाईमाणसाला सांगू नको, घाबरल. मी घाबरणार न्हाई, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

मंजुश्री : त्यांनी आधी यांनाच सांगायला हवे होते.

बिराप्पा : मला वाटलं, दुसऱ्यानं न वाचता बघितलं तर दुसरंच निघंल. हं. घ्या. भाकरीच्या फडक्यात गुंडाळलीय, डाग पडला असंल.

मंजुश्री : बाणूबाई, आत डॉक्टर मॅडम आहेत. त्या हे वाचतील, स्वतः तपासतील आणि तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगतील. पुढे काय उपचार करायचे, ते तुमच्या होकाराशिवाय ठरणार नाही. आणि तुमच्याबरोबर आत कोणी यावे, हेही तुम्हीच सांगायचे आहे.

बिराप्पा : कोणी म्हंजे? मी नवरा हाय तिचा.

मंजुश्री : तरीही विचारावे लागते. बाणूबाई, अण्णा आत आलेले चालतील का?

बिराप्पा : बोल की.

बाणूबाई : येऊ द्या, सिस्टर. तीन हप्ते झाले, एकटेच घिऊन फिरायलेत.