दांड्यावरची ऊबदार वाळू

ऐका! शेकोटीत लाकूड सारा नि कान इकडे करा. चार बेटांची ही रांग तीन दिवस फिरताय, जागोजाग तंबू ठोकताय, मग सगुण कुबलाची गोष्ट ऐकायलाच हवी तुम्ही.

सगुण वाटाड्या. थंडी पडली की तंबूवाल्यांना ही बेटं दाखवायचा. माणूस सोन्यासारखा, पण घमेंड? विचारू नका! "तिथीची पाऊणपट केलंय की भरतीची वेळ कळता. समुद्र माका विचारून येता-जाता!"

पौषातली वद्य चतुर्थी. मुक्काम इथेच, या तिसऱ्या बेटावर. रात्री आठ वाजता पुण्याच्या कुमुदताईंना धाप लागली. बोलता येईना बाईंना! दम्याचा पंप कुठाय? राहिला मागल्या बेटावर! सगुणाने बोटं मोजली. चौथीची पाऊणपट तीन. भरती तीनला, म्हणजे पुरी ओहोटी नऊला. "ह्यो गेलंय नि ह्यो इलंय!" म्हणाला नि अनवाणीच निघाला.

मधली वाट म्हणजे दांडा. ओहोटीला उघडी पडणारी वाळू, दोन्ही अंगांना समुद्र. जाताना काही झालं नाही. पण पंप सापडता सापडेना. सापडला तेव्हा साडेदहा. पाणी कधीच फिरलं होतं! शहाणा माणूस थांबला असता. पण तिकडे बाई श्वासासाठी तडफडतेय, नि गड्याला हिशेबाची खात्री. आला धावत.

अर्ध्यात आला नि मागून हाक. "सगुणा, खंय चललस?"

आवाज कोणाचा? खेमू तांडेलाचा! सात वर्षांपूर्वी याच दांड्यावर बुडालेला खेमू! सगुणाने मागे पाहिलं नाही. तेवढी अक्कल होती.

मग समोर कंदील दिसला. आपल्या मुक्कामाचाच म्हणून हा तिकडे वळला. दहा पावलांवर कंदील विझला नि त्याच अंधारातून आवाज आला, "ये रे, वाट सुकी आसा."

आणि खरंच हो! चांदण्यात कोरडी वाळू. पांढरी, लांबच लांब. सगुण चार पावलं गेला नि थबकला. पायांना ऊब लागत होती.

अहो, पौषात रात्रीची वाळू गारठते. इथलं पाणी मात्र ऊब धरून असतं. डोळ्यांना वाळू दिसत होती, पाय समुद्रात होते! ऊब पोटरीला आली, मांडीला आली, कमरेला आली. दिसतेय कोरडी वाळूच! पाऊणपट गेली कुठल्या कुठे!

पण कोकणी गडी तो. डोळे घट्ट मिटले. पंप दातांत धरला. ऊब जिकडे उतरेल तिकडे पाऊल टाकायचं, बस्स.

"थंय खोल आसा रे!" खेमू ओरडतोय. हा ऐकत नाही. ऊब मांडीवर आली. गुडघ्यावर आली. घोट्यावर आली. आणि गार! गारेगार वाळू! सगुणाने तिलाच मिठी मारली नि लहान पोरासारखा रडला.

कुमुदताई वाचल्या. सगुण आजही वाटाड्याच आहे, पण आता तोच समुद्राला विचारून जातो.

म्हणून सांगतो, काळोखात त्या दांड्यावर पाऊल टाकू नका. हाक कुणाचीही येवो, वाट कितीही सुकी दिसो.

झालं! झोपा आता. फक्त त्याआधी एकदा तळहात खाली टेकवा. वाळू गार लागतेय ना सगळ्यांना?

ज्याला ऊब लागत असेल, त्यानं आत्ताच सांगावं.